वनहक्क दावा ‘पुरावा अपुरा’ म्हणून फेटाळला, तर फाइल पुन्हा कशी बांधायची

प्रश्न असा आहे. पाड्यातल्या चाळीस कुटुंबांनी वनहक्क कायद्याखाली, म्हणजे कसत असलेली वनजमीन नावावर मिळावी म्हणून, वैयक्तिक दावे टाकले होते. बऱ्याच जणांचे दावे ‘पुरावा अपुरा’ म्हणून नामंजूर झाल्याचं तोंडी कळलं. काहींना पट्टे मिळाले, पण कसतात दोन एकर आणि पट्टा आला वीस गुंठ्यांचा. आता नव्याने दावा टाकायचा, अपील करायचं की कोर्टात जायचं?

यातलं काहीही ठरवण्याआधी फाइल बघावी लागेल. नामंजूर दाव्यांच्या फायली उघडल्या की कायद्याचा मोठा वाद क्वचितच सापडतो. सापडतो तो पंचनाम्यातला कोरा रकाना, नाव तेवढं बदललेले चाळीस एकसारखे जबाब आणि हजेरीचा आकडा न लिहिलेला ठराव. शेरा प्रांत कार्यालयात पडतो, पण दावा कमकुवत झालेला असतो पाड्यावरच, मोजणीच्या दिवशी. म्हणून अपिलाच्या भाषेपेक्षा पुरावा बांधण्यावर जास्त दिवस खर्च करा.

‘तोंडी कळलं’ याला या कायद्यात अर्थ नाही. या कायद्याच्या २००८ च्या नियमांत ६ सप्टेंबर २०१२ रोजी दुरुस्ती होऊन नियम १२-ए आला. दाव्यात बदल करण्याचा किंवा तो फेटाळण्याचा निर्णय दावेदाराला व्यक्तिशः कळवला पाहिजे, म्हणजे त्याला ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येईल, असं हा नियम सांगतो. ही मुदत आणखी ३० दिवस वाढवता येते. ग्रामसभेने शिफारस केलेला दावा बदलताना किंवा नाकारताना उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीने सकारण आदेश दिला पाहिजे, असंही त्यात आहे. चाळीस नावांची यादी आणि प्रत्येक नावापुढे ‘पुरावा अपुरा’ हा शिक्का म्हणजे सकारण आदेश नव्हे. कोणता पुरावा तपासला, तो का पटला नाही, हे दावेदारागणिक लिहिलेलं हवं.

तेव्हा पहिलं काम कागद मिळवण्याचं. उपविभागीय अधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज द्या. फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराने दाखला जोडला तर फी लागत नाही. ‘माझ्या दाव्याची माहिती द्यावी’ असं मोघम लिहाल तर एका ओळीचं उत्तर येईल. नेमकं मागा: दाव्याची संपूर्ण फाइल टिपण्यांसह, दावा ज्या बैठकीत आला तिचं इतिवृत्त, निर्णयाची प्रत, उपग्रह नकाशा वापरला असेल तर त्याची तारखेसह प्रत आणि निर्णय दावेदाराला दिल्याची सहीची पोच. पोच निघालीच नाही, तर दाद मागण्याची मुदत सुरू झाली नाही, हा मुद्दा अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात मांडा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. तोवर खालची कामं सुरू ठेवता येतात.

फाइल हाती आली की आधी एवढंच शोधा, की दावा नक्की कुठे अडकला. ग्रामसभेनेच नाकारला असेल तर दाद उपविभागीय समितीकडे. ग्रामसभेने मंजूर करून पाठवला आणि उपविभागीय समितीने नाकारण्याची शिफारस केली असेल तर जिल्हास्तरीय समितीकडे, जिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. मूळ कायद्यात तिचा निर्णय अंतिम आहे. महाराष्ट्रातल्या अनुसूचित क्षेत्रात मात्र राज्यपालांच्या १८ मे २०२० च्या अधिसूचनेने त्यावरही विभागीय स्तरावरच्या समितीकडे अपिलाची सोय झाली. उच्च न्यायालय त्यानंतर. खालची पायरी सोडून थेट कोर्टात गेलात तर बहुधा तिथूनच खाली परत पाठवतील आणि त्यात वर्ष-दीड वर्ष जाईल.

कोणत्याही पायरीवर मागणी काय करायची, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ‘दावा मंजूर करा’ यापेक्षा ‘दावा फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवा’ ही मागणी बहुतेकांच्या कामी येते. ठराव अपुरा वाटला किंवा जास्त तपासणी हवी असली तर उपविभागीय समितीने तो फेटाळण्याऐवजी ग्रामसभेकडे परत पाठवावा, असं नियमच म्हणतो. सुनावणीत तुमच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. दावा परत आला तर नवा जबाब, नवी मोजणी, नवा ठराव, सगळं घालायला वाव मिळतो. कमकुवत फाइल घेऊन वरच्या समितीपुढे उभं राहिलं की तोच कमकुवतपणा शिक्क्यानिशी कायम होतो.

आता पुराव्याकडे. नियम १३ मध्ये यादी लांब आहे आणि एकापेक्षा जास्त पुरावे विचारात घ्यावेत असं तिथे म्हटलं आहे. दोन प्रकारचे पुरावे असलेला आणि ग्रामसभेने शिफारस केलेला दावा लेखी कारणांशिवाय नाकारता येत नाही, आणि अमुकच पुरावा आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही. ‘दंडाची पावती किंवा पीओआर (वनखात्याचा प्राथमिक गुन्हा अहवाल) आहे का?’ असं विचारून परत पाठवण्याची रीत अजून जागोजाग दिसते. दंडाच्या पावत्या, अतिक्रमणाच्या जुन्या याद्या, गुन्हा अहवाल नसणं हे एकट्याने नामंजुरीचं कारण होऊ शकत नाही, हे नियमाच्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. असतील तर मात्र त्यांच्याइतका चांगला कागद नाही, कारण वनखात्यानेच तुमचा ताबा तारखेनिशी लिहून ठेवलेला असतो.

लोक फसतात ते वेगळ्याच ठिकाणी. रेशन कार्ड आणि मतदार ओळखपत्र जोडतात आणि ‘दोन पुरावे झाले’ म्हणतात. दोन्ही कागद सांगतात की माणूस या गावात राहतो. तो कोणती जमीन कसतो, याबद्दल ते गप्प असतात. फाइलमध्ये निदान एक पुरावा राहण्याचा आणि एक पुरावा त्या तुकड्याचा हवा, आणि तुकड्याच्या पुराव्यातून १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दिसला पाहिजे, कारण कायद्याने हीच तारीख धरली आहे.

ज्यांच्याकडे कागदच नाही त्यांच्यासाठी दोन पुरावे उरतात: वयस्क माणसाचा जबाब आणि जमिनीवरच्या खुणा. दोन्ही नियमांत मान्य आहेत. आज सत्तरीत असलेला माणूस २००५ साली पन्नाशीत किंवा त्याच्या आसपास होता, म्हणजे त्याने पाहिलेलं पुरेसं आहे. अट इतकीच, की जबाब देणारा स्वतः दावेदार नसावा. दोन दावेदारांनी एकमेकांसाठी दिलेले जबाब पहिल्याच नजरेत बाजूला पडतात. पाड्यात दावा नसलेला म्हातारा माणूस उरला नसेल तर शेजारच्या गावचा, बांधाला बांध असलेला किंवा गुरं वळायला त्या बाजूने जाणारा चालतो.

जबाबात ‘हे कुटुंब पूर्वापार जमीन कसते’ एवढंच असलं तर तो वाया गेला. चांगला जबाब असा वाचायला मिळतो: ‘माझं वय ७६. वाघदेवाच्या टेकडीखाली, ओढ्याच्या उगवतीला जो उतार आहे तो दावेदाराचे वडील नाचणी आणि वरईला लावत. वरच्या अंगाचा दगडी बांध त्यांनी मोठ्या दुष्काळानंतर घातला, तेव्हा मी दगड वाहायला होतो. तिथलं आंब्याचं झाड मला लहान असल्यापासून तेवढंच मोठं आठवतं. माझी जमीन ओढ्याच्या पलीकडे आहे, म्हणून मला माहीत आहे.’ यात जागा आहे, पीक आहे, काळाची खूण आहे आणि माहिती कशी झाली हेही आहे. साल आठवत नसेल तर ओढूनताणून साल घालू नका. दुष्काळ, धरणाचं काम, शाळा सुरू झाली ते वर्ष अशा गावाला ठाऊक असलेल्या गोष्टींवर काळ बांधा आणि तो शब्द माणसाचाच राहू द्या. चाळीस जबाब एकाच मसुद्यावरून टाइप केले की खरे असूनही खोटे वाटतात. हाताने लिहिलेला, अंगठा आणि दोन साक्षीदार असलेला अर्ध्या पानाचा जबाब त्यापेक्षा भारी.

जमिनीवरच्या खुणा मोजून लिहा. ‘बांधबंदिस्ती केलेली आहे’ हे वाक्य पंचनाम्यात शंभर ठिकाणी असतं. ‘उत्तरेस दगडी बांध, लांबी ३८ मीटर, उंची ६० सेंमी, बांधावर उगवलेल्या सागाचा छातीच्या उंचीवर घेर ९५ सेंमी’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला बांधाचं वय कळतं. विहीर, खळं, गोठ्याचं जोतं, पूर्वजांची थडगी, देवाचा दगड या सगळ्याचा फोटो घ्या. फोटोत दावेदार उभा असावा, मागे न बदलणारी खूण दिसावी आणि फोटोमागे अक्षांश-रेखांश व तारीख लिहावी.

उपग्रह चित्राची भीती जास्त आणि समज कमी, असं चित्र आहे. तंत्रज्ञान इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येईल, त्यांच्या जागी नाही, असं नियम सांगतो. ते चित्र चुकतं कुठे हेही समजून घ्या, कारण सुनावणीत ते बोलावं लागतं. मोफत मिळणाऱ्या लँडसॅट चित्रात एक ठिपका ३० बाय ३० मीटरचा, म्हणजे नऊ आरचा असतो (एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा). एकराचं शेत तिथे जेमतेम चार-साडेचार ठिपक्यांत बसतं, आणि कडेच्या ठिपक्यांत शेत व जंगल मिसळलेलं दिसतं. त्यातून शेतात मोह, आंबा, तेंदूची झाडं राखलेली असली तर वरून जंगलच दिसणार. उतारावरची वरकस जमीन दोन-तीन वर्षांनी विसाव्याला सोडतात. नेमकं त्या वर्षीचं किंवा भर उन्हाळ्यातलं चित्र घेतलं तर शेती ‘नाही’ असं निघतं. म्हणून चित्राची तारीख मागायची. चित्र तुमच्या बाजूचं असेल तर ते स्वतःच जोडा.

आता स्थळ पाहणी, जिच्यात सर्वांत जास्त क्षेत्र गळतं. ग्रामसभेने निवडलेल्या वनहक्क समितीने दावेदाराला आणि वनखात्याला आधी लेखी सूचना द्यायची आणि पोच जपायची. पाहणीच्या वेळी वन व महसूल खात्याच्या प्रतिनिधींनी हजर राहून पंचनाम्यावर पदनाम, तारीख आणि अभिप्रायासह सही करायची असते. ते आले नाहीत म्हणून पाहणी थांबवू नका. पुढे त्यांनी गैरहजेरीच्या कारणावरून हरकत घेतली, तर दावा फेरपाहणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो, आणि दुसऱ्यांदाही ते आले नाहीत तर ग्रामसभेचा पाहणीबाबतचा निर्णय अंतिम ठरतो. हा मुद्दा सिद्ध होतो तो फक्त सूचनेच्या पोचेवर. समितीचा सदस्य स्वतः दावेदार असेल तर त्याने ते सांगून आपल्या दाव्याच्या पडताळणीतून बाजूला व्हायचं.

मोजणीचं गणित एकदा कागदावर करून पाहा. एकराचं चौकोनी शेत धरलं तर बाजू सुमारे ६३ मीटर. हातातला जीपीएस झाडीखाली तीन-पाच मीटर सहज चुकतो. मोजणारा बांधाच्या आतून तीन मीटर सोडून चालला, तर बाजू ५७ मीटर होते आणि क्षेत्र ४० आरवरून ३३ आरपेक्षाही खाली येतं. शंभरातले अठरा हिस्से गेले, कुणी लबाडी न करता. वेड्यावाकड्या शेताचे चारच कोपरे टिपले की फुगवटे कापले जातात. बांधाच्या बाहेरच्या कडेने चाला, प्रत्येक वळणावर थांबून बिंदू घ्या, त्या बिंदूवर दगड रोवा. खळं, गुरांची जागा, विसाव्याला सोडलेला तुकडा, फळझाडं यांना लोक ‘शेत नाही’ म्हणून बाहेर ठेवतात. ठरलेल्या मर्यादेत शेतीला जोडून असलेल्या या जागा दाव्यात धरायच्या असतात, असं २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट आहे. वरची मर्यादा कुटुंबामागे चार हेक्टर, म्हणजे नऊ एकर पस्तीस गुंठे. ती कमाल आहे. प्रत्यक्ष ताबा असेल तेवढंच क्षेत्र मिळतं.

पट्टा वाचताना एककाचा घोळ होतो, तोही सांगून टाकतो. पट्ट्यावर ‘०.४० हे.’ असेल तर ते ४० आर, जवळपास चाळीस गुंठे, म्हणजे एक एकर. त्याला ‘अर्धा एकरही नाही’ समजून तक्रार करणारे भेटतात, आणि ०.२० ला वीस गुंठे न समजता ‘दोन एकर’ समजून खूष होणारेही.

तुमच्याकडे ज्यांना खरोखर कमी क्षेत्र मिळालं आहे त्यांनी पट्टा नाकारू नये. क्षेत्र कमी करणं म्हणजे दाव्यात बदल, त्यामुळे तिथेही सकारण आदेश आणि ६० दिवसांची दाद हे दोन्ही लागू आहेत. पट्टा घेताना पोचवर ‘कमी क्षेत्राबाबत हरकत कायम ठेवून स्वीकारला’ असं लिहा, नकाशाची प्रत मागा आणि नवी मोजणी, बिंदूंची यादी व जुना पंचनामा जोडून उरलेल्या क्षेत्रासाठी अर्ज करा. विवाहित असाल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे हवा. एकट्या पुरुषाच्या नावावर असेल तर दुरुस्ती याच अर्जात मागा. बाई पुढे एकटी राहिली की हे राहून गेलेलं नाव फार महाग पडतं.

बिगर-आदिवासी दावेदारांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवावी लागतात. इथे एक गैरसमज दावे मारतो: ७५ वर्षं त्या भागात राहून वनावर अवलंबून असल्याची आहेत, तोच तुकडा ७५ वर्षं कसल्याची नाहीत. वंशावळ आणि गावातला जुना रहिवास दाखवणारी कोणतीही नोंद इथे उपयोगी पडते. आजोबांचं नाव असलेला जन्म-मृत्यू नोंदवहीतला उतारा किंवा शाळेचा जुना दाखला पुष्कळदा मिळतो.

मग ठराव. गणपूर्ती सभासदांच्या निम्म्याहून कमी चालत नाही, हजर असलेल्यांत एक-तृतीयांश बाया हव्यात, आणि दाव्यांवर ठराव असेल तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर हवेत. पाड्यात १८० प्रौढ असतील तर ९० जण, त्यांत ३० बाया. हे आकडे ठरावाच्या पहिल्या ओळीत लिहा आणि सह्या-अंगठ्यांची पानं जोडा. सात-आठ पाड्यांच्या ग्रामपंचायतीची मोठी सभा भरवून निम्मी हजेरी आणणं अशक्यच असतं. अनुसूचित क्षेत्रात पाड्याची ग्रामसभा कायद्याला चालते, तिचाच आधार घ्या. एका ठरावात चाळीस नावं असली तरी प्रत्येकासमोर क्षेत्र, चतुःसीमा आणि पाहिलेले पुरावे वेगवेगळे लिहा.

हे सगळं चालू असताना कुणी शेतात रोपवनाचे खड्डे किंवा चर मारायला आलं, तर कलम ४(५) दाखवा: पडताळणी आणि मान्यतेची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत ताब्यातून काढता येत नाही. नामंजूर दावेदारांना हटवण्याबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा १३ फेब्रुवारी २०१९ चा आदेश त्याच महिन्याच्या २८ तारखेला न्यायालयानेच थांबवला. अडवाअडवी, बाचाबाची टाळा. त्याच दिवशी ग्रामसभेच्या लेटरहेडवर प्रांत आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना दाव्याचा क्रमांक घालून पत्र द्या, आवक क्रमांक घ्या आणि जागेचे फोटो ठेवा.

एक गोष्ट प्रश्नात नाही, पण ती सोडून पुढे जाता येत नाही. पाड्यात ज्यांच्याकडे कसायला तुकडाच नाही, त्यांना वैयक्तिक दाव्यातून काहीच मिळत नाही, आणि तेच सर्वांत गरीब असतात. सरकारी आढाव्यात पट्ट्यांची संख्या मोजली जाते, म्हणून यंत्रणेचा जोर वैयक्तिक पट्ट्यांवर राहतो आणि तोही छोट्या-छोट्या. कलम ३(१)(झ) खालचा सामूहिक वनसंपत्तीचा हक्क मात्र सगळ्या ग्रामसभेचा असतो: मोह, तेंदू, बांबू, चराई आणि जंगल राखण्याचा, वापराचे नियम ठरवण्याचा अधिकार. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरवर तो मिळाला आणि २०११ साली बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. विदर्भात असाल तर गावाचं निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची जुनी सरकारी नोंद, शोधा, सामूहिक दाव्याला त्यासारखा कागद नाही. त्या दाव्याचा नमुना वेगळा आहे, पण वनहक्क समिती तीच, ग्रामसभा तीच. फेरतपासणीसाठी लोक जमणारच आहेत, तर त्याच सभेत तो दावाही दाखल करा. सीमा ठरवताना शेजारच्या गावांना आधी लेखी कळवा. न कळवलेल्या शेजाऱ्याची हरकत वनखात्याच्या हरकतीपेक्षा जास्त काळ अडवते.

पट्टा मिळाल्यावर फाइल बंद करू नका. प्रक्रिया पूर्ण झाल्यावर महसूल आणि वन खात्याने अंतिम नकाशा करून दप्तरी नोंद घ्यायची असते, आणि त्याला जास्तीत जास्त तीन महिन्यांची मुदत आहे. प्रत्यक्षात अर्ज केल्याशिवाय ती बहुधा होत नाही. तलाठ्याकडे पट्ट्याची प्रत देऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद मागा आणि फेरफार क्रमांक लिहून घ्या. ही जमीन वारसाने जाते, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. बँक गहाणखत मागते तेव्हा याच अटीवर पीककर्ज अडतं. कर्जाच्या अर्जाला पट्टा, सातबारा आणि तलाठ्याचा पीक पाहणीचा दाखला जोडून गहाणाशिवायच्या मर्यादेत कर्ज मागा. नाकारलं तर कारण लेखी घ्या, तेही याच फाइलला लागेल.